जाळ्याचा आस चौकोनी झाला, पण बाजाराचे काय?

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून दूर आहे. सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या या मुलखात ट्रॉलरच्या जाळ्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे एखादा वाचक विचारील. परंतु विदर्भातील आठवडी बाजारांत जे सुके बोंबील आणि जी सुकट विकली जाते ती याच समुद्रातून येते. कोंबड्यांच्या खाद्यात जे फिशमील मिसळले जाते त्याचा मूळ माल बहुतांशी समुद्रातील बारीक मासळी हाच असतो. समुद्रात जाळे कसे विणले जाते याचा परिणाम अशा वाटांनी आपल्या ताटापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच किनाऱ्यावर काही वर्षांपासून चाललेल्या एका बदलाकडे सर्वच वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांला वाटते. हा बदल म्हणजे माकूल, कोळंबी व तत्सम मासळी पकडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांची रचना सुधारून त्यांत नको असलेली मासळी कमी अडकेल असे करणे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जाळे सुधारण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे, ते फार महागही नाही आणि कायद्यानेही त्याचा स्वीकार केला आहे. तरीही पिल्ले पकडली जातात, कारण पिल्लांना गिऱ्हाईक आहे. जोवर हे गिऱ्हाईक कमी होत नाही आणि सुधारलेल्या जाळ्याचा सुरुवातीचा तोटा एकट्या मच्छीमाराच्या माथी राहतो, तोवर कायद्याचा कागद समुद्रात फारसा उपयोगी पडणार नाही.

ट्रॉल जाळ्यात काय घडते?

ट्रॉल हे पिशवीच्या आकाराचे लांब जाळे असते. नौका ते समुद्राच्या तळालगत ओढत नेते. तोंडाशी दोन्ही बाजूंस बसविलेल्या जड फळ्या पाण्याच्या दाबाने एकमेकींपासून दूर जातात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. मार्गात येणारी मासळी मागे मागे ढकलली जाऊन अखेर शेपटाकडील पिशवीत जमा होते. आपल्याकडील मच्छीमार या शेवटच्या पिशवीला ‘खोला’ म्हणतात. जाळ्याच्या विणीतील प्रत्येक घराला ‘आस’ म्हणतात. मासळी सुटणार की अडकणार याचा निकाल मुख्यतः या खोल्याच्या आसावर लागतो. भारतीय किनाऱ्यावर अनेक ट्रॉलर खोल्यासाठी ताणून मोजल्यास अवघ्या १५ ते २५ मिलिमीटर आसाचे जाळे वापरीत आले आहेत. इतक्या बारीक घरातून बोटभर लांबीचे पिल्लूही सहसा निसटत नाही.

माकूल, ज्याला कोकणात म्हाकूल असेही म्हणतात, हा निर्यातीला चांगला भाव देणारा जीव आहे. तो शिंपल्याच्या कुळातील, पण अंगावर कवच नसलेला, मऊ शरीराचा प्राणी आहे. त्याचे आयुष्य सुमारे वर्षभराचे असते आणि तो झपाट्याने वाढतो. मात्र ज्या पाण्यात तो सापडतो, त्याच पाण्यात राणी मासा, ढोमा, वाकटी, चोर बोंबील आणि पापलेट यांची पिल्लेही वाढत असतात. माकूलसाठी टाकलेले जाळे त्यांनाही गोळा करते. यांपैकी पुष्कळ मासे अजून एकदाही अंडी न घातलेले असतात. पापलेट वा राणी माशाचे असे पिल्लू मारले की केवळ एक मासा जातो असे नाही. त्याच्यापासून होणारी पुढची पिढीही त्याबरोबर जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगभरच्या समुद्रांत दरवर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी पकडून पुन्हा पाण्यात टाकून दिली जाते. त्यांपैकी जवळपास निम्मी एकट्या तळ-ट्रॉलच्या वाट्याची आहे. आपल्याकडे मासळी टाकून देण्याचे प्रमाण पुष्कळ कमी आहे. ही गोष्ट प्रथमदर्शनी समाधानाची वाटते, पण अडचण नेमकी तिच्यातच आहे. तिचा विचार पुढे करू.

चौकोनी आसाची साधी युक्ती

नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. नौका जाळे ओढू लागली की त्या ओढीने शंकरपाळे लांबते आणि मिटते. कागदावर मोठे दिसणारे घर पाण्यात फटीएवढे उरते. हेच जाळे ४५ अंशांनी फिरवून, म्हणजे दोरे ओढीच्या दिशेला समांतर आणि आडवे येतील असे जोडले, तर घर चौकोनी होते आणि भार पडला तरी उघडेच राहते. खोल्याचा आस ४० मिलिमीटर चौकोनी असावा असे म्हणतात, तेव्हा प्रत्येक घराची बाजू दोन सेंटिमीटरची असते. लहान पिल्लाला तेवढी वाट पुरते. या बदलासाठी इंजिन बदलावे लागत नाही, नवी नौका लागत नाही, तांडेलाला नवी विद्याही शिकावी लागत नाही. पाण्याला वाट मोकळी राहिल्यामुळे जाळे ओढण्यास जोर कमी लागतो आणि डिझेलही वाचते.

कोचीच्या केंद्रीय मत्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने याच्याही पुढे जाऊन जाळ्यात बसविण्याची जाळीदार चौकट तयार केली. तिच्यामुळे कोळंबी व मोठे मासे वेगवेगळ्या खोल्यांत जातात आणि पिल्ले बाहेर पडतात. या साधनाला २००५ साली जागतिक पातळीवरील स्मार्ट गिअर स्पर्धेत पारितोषिक मिळाले. समुद्री कासवे सुटावीत म्हणून जाळ्यात बसविण्याची जी चौकट आहे, तिचीही भारतीय आवृत्ती या संस्थेने तयार केली आहे. ती न वापरल्याची किंमत देशाने मोजलीही आहे. २०१९ साली अमेरिकेने समुद्रातून पकडलेल्या भारतीय कोळंबीची आयात थांबविली, ती याच कारणासाठी.

माकूलच्या बाबतीत एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माकूलचे शरीर मऊ आणि निमुळते असते. मोठ्या आसातून माशाच्या पिल्लांबरोबर लहान माकूलही निसटतो. आपला माल पाण्यात जातो, ही मच्छीमाराची तक्रार खोटी नाही. लहान माकूल सुटला तर काही आठवड्यांत तो वाढून पुन्हा जाळ्यात येईल, हे शास्त्रज्ञांचे उत्तरही खरे आहे. परंतु तो कोणाच्या जाळ्यात येईल, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही.

सिंधुदुर्गाचा अनुभव आणि कायदा

आपल्या राज्यात या प्रयोगाला गती मिळाली ती सिंधुदुर्गात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण निधी आणि केंद्र व राज्य शासन यांच्या साहाय्याने २०११ नंतर तेथे सागरी जैवविविधतेचा एक प्रकल्प राबविण्यात आला. त्याच्या अंतर्गत मालवण व परिसरातील ट्रॉलरधारकांना चौकोनी आसाची जाळी देण्यात आली. जाळी फुकट वाटून प्रकल्प थांबला नाही. मच्छीमारांना बरोबर घेऊन समुद्रात त्यांची परीक्षाही झाली. पिल्ले कमी येतात आणि डिझेल वाचते, हे लोकांनी स्वतः पाहिले. या अनुभवानंतर राज्य शासनाने ट्रॉलरसाठी ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा खोला बंधनकारक केला. शेजारच्या गुजरातच्या २००३ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याखालीही हीच मर्यादा आहे.

पुढे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ यात २०२१ साली दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा वाढल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरविण्यात आला. त्याच महिन्यात पापलेटला राज्य माशाचा मान देण्यात आला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी कित्येक वर्षे पाळली जात आहे. यांत नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाच्या नियमांची भर पडली. ते किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडील पाण्याला लागू होतात. एलईडी दिव्यांची आणि दोन नौकांनी मिळून ओढण्याची मासेमारी त्यांनी निषिद्ध ठरविली असून मासळीचा किमान आकार ठरविण्याचीही तरतूद केली आहे. कागदावर पाहता आता फारसे काही उरलेले नाही.

अमेरिकेने माकूलच्या जाळ्याचे काय केले?

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर माकूलची मोठी मासेमारी चालते. तेथे माकूलच्या जाळ्यात ‘बटरफिश’ नावाचा चपटा, रुपेरी मासा मोठ्या संख्येने येत असे आणि मेलेल्या अवस्थेत समुद्रात फेकला जात असे. हा मासा आपल्या पापलेटच्याच कुळातील आहे. म्हणजे माकूलच्या जाळ्यात पापलेटची पिल्ले मरतात ही आपली व्यथा तेथेही चुलतभावाच्या रूपाने होती. २०१० साली तेथील नियामकांनी खोल्याचा किमान आस सुमारे ४८ मिलिमीटरवरून ५४ मिलिमीटर केला. मे ते ऑगस्ट हे महिने मात्र वगळण्यात आले.

पण त्यांनी केवळ आसावर विसंबून राहणे पसंत केले नाही. २०११ पासून माकूलच्या मासेमारीत किती बटरफिश मरू द्यायचा याची एक एकूण मर्यादा घालण्यात आली. ती ओलांडली गेली तर माकूलची मासेमारीच थांबवायची, असा नियम झाला. यामागील विचार लक्षात घेण्यासारखा आहे. एकट्या नौकेने जाळे सुधारले आणि शेजारच्याने सुधारले नाही, तर मर्यादा लवकर भरते आणि दोघांचाही धंदा बंद पडतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या जाळ्याकडे लक्ष ठेवणे हे प्रत्येकाच्या हिताचे होते. नियम पाळणे ही एकेकट्याच्या विवेकाची बाब न राहता साऱ्या ताफ्याची बाब होते.

हा मार्ग जसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही. त्यांच्याकडे मोजक्या परवानाधारक नौका आणि नौकेवर बसणारे निरीक्षक आहेत. आपल्याकडे हजारो नौका, शेकडो उतरण्याची ठिकाणे आणि मूठभर अधिकारी. शिवाय तिकडे नको असलेली मासळी म्हणजे निव्वळ कचरा होता. तो जाळ्यात न आल्याने मच्छीमाराचे काहीच नुकसान होत नव्हते. आपल्याकडे तसे नाही.

कायदा असून पिल्ले का मरतात?

आपल्या बंदरावर मासळीचे ढीग लागतात तेव्हा माकूल, कोळंबी आणि पापलेट एका बाजूस, तर बारीक मिसळलेली मासळी दुसऱ्या बाजूस जाते. ती फिशमीलच्या कारखान्यासाठी किंवा सुकवून खाद्य व खतासाठी उचलली जाते. किलोमागे तिचा भाव अगदी थोडा. पण ढीग मोठा असला की डिझेल आणि बर्फ यांचा काही खर्च त्यातून सुटतो. ज्या फेरीत माकूल हाती लागत नाही, त्या फेरीत खलाशांचा वाटाही याच ढिगातून निघतो. चौकोनी आसाने पिल्ले सोडली की हा ढीग आटतो. म्हणजे जाळे सुधारण्याचा फायदा उद्याचा आणि सर्वांचा, तर तोटा आजचा आणि एकट्याचा. जो पहिला जाळे बदलतो, त्याने सोडलेले पिल्लू मागून येणाऱ्याच्या बारीक जाळ्यात जाते. अशा स्थितीत गरीब माणूस नियम टाळतो, तेव्हा त्याला केवळ लोभी म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी अडचण हद्दीची. राज्याचा कायदा १२ सागरी मैलांपर्यंतच चालतो आणि ट्रॉलर त्याच्या बाहेरही जातात. परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आपल्या पाण्यात येऊन मासळी नेतात, ही सिंधुदुर्गातील मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. आपण मोठ्या आसाचे जाळे टाकावे आणि पाहुण्याने बारीक आसाचे, हे कोणाला पटेल?

तिसरी अडचण आपल्या घरातली आहे. दोष एकट्या ट्रॉलरचा नाही. वसई, उत्तन, गोराई या पट्ट्यात, जेथे आपले अनेक ख्रिस्ती कोळी बांधव राहतात, तेथील पारंपरिक डोल जाळ्याचा खोलाही अत्यंत बारीक विणीचा असतो. त्यातही पापलेटची पिल्ले सापडतात. डोलचे मासे वेगळे, तेथील बोंबील आणि जवळा बारीक घराशिवाय मिळणार नाहीत, हे खरे. तरीही पिल्लांच्या हंगामात डोल कुठे आणि कधी लावावी याचा विचार त्या गावांनीच करावयाचा आहे. दुसऱ्याच्या ट्रॉलकडे बोट दाखविताना आपल्या जाळ्याकडेही पाहिले, तर आपल्या मागणीला अधिक वजन येईल.

हे सारे केवळ माशांच्या काळजीपोटी लिहिलेले नाही. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१८ साली महाराष्ट्रात सुमारे २.९५ लाख टन सागरी मासळी उतरली, तर २०१९ साली ती २.०१ लाख टनांवर आली. गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षीच्या चक्रीवादळांचा त्यात मोठा वाटा होता. परंतु समुद्रात पुरेशी प्रौढ मासळी शिल्लक असेल तरच असा तडाखा सोसून पुढील हंगाम सावरतो. पिल्लेच काढून नेली तर सावरायला काही उरत नाही. मग कोळीवाड्यातील तरुण नौका विकून शहरात नोकरी शोधतो आणि मासळी विकणारी त्याची आई व बहीण टोपली रिकामी घेऊन बसतात.

केरळचा धडा

केरळमध्ये १९८० च्या दशकात पारंपरिक मच्छीमारांनी पावसाळ्यातील ट्रॉलिंगविरुद्ध मोठे आंदोलन केले. त्यात कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनीही सामील होत्या. त्या चळवळीतून पुढे आलेले फादर थॉमस कोचेरी यांनी राष्ट्रीय मच्छीमार संघटनेचे नेतृत्व केले. २०१४ साली त्यांचे निधन झाले. १९८८ साली केरळात पावसाळी ट्रॉलबंदी आली. पुढे २०१५ पासून तेथे किमान आकाराचा नियम आला आणि तो ५८ जातींपर्यंत वाढविण्यात आला. राणी माशासारख्या जातीचे उत्पन्न त्यानंतर वाढल्याचे केंद्रीय संस्थेने नोंदविले आहे. तेथील विशेष म्हणजे तपासणी केवळ समुद्रात न करता बंदरावर, जेथे ढीग लागतो तेथे, केली जाऊ लागली. समुद्रात प्रत्येक जाळे मोजणे अशक्य आहे. बंदरावर टोपली पाहणे शक्य आहे.

संत मत्तयलिखित शुभवर्तमानात (१३:४७-४८) समुद्रात टाकलेल्या जाळ्याचा दाखला आहे. त्यातील मच्छीमार किनाऱ्यावर बसून चांगले भांड्यांत भरतात आणि वाईट टाकून देतात. त्या काळी निवड किनाऱ्यावर करण्याखेरीज इलाज नव्हता. आज ती पाण्यातच, जीव जिवंत असताना, करण्याचे साधन माणसाच्या हाती आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाच्या ४० व्या परिच्छेदात बेबंद मासेमारी आणि पकडलेल्यातील मोठा भाग फेकून देणाऱ्या पद्धती यांवर स्पष्ट बोट ठेवले होते. साधन हाती असताना ते न वापरणे ही आता अज्ञानाची बाब राहिलेली नाही.

केनवडच्या बाजाराशी नाते

आता पुन्हा वाशिमकडे वळू. कोंबडीखाद्याच्या बाजारात प्रथिनांचे दोन मोठे स्रोत आहेत. एक सोयापेंड, जी आपल्या शेतातील सोयाबीनपासून निघते. दुसरे फिशमील, जे समुद्रातील बारीक मासळीपासून होते. पिल्लांचे फिशमील जितके स्वस्त, तितकी त्याला मागणी अधिक, आणि बारीक जाळ्याला आधारही तितकाच. शेतकऱ्याचे आणि कोळ्याचे हित येथे एकमेकांच्या विरोधात नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, तेव्हा या नात्याला शासकीय मान्यताही मिळाली.

आपल्या गावतळ्यांतही हाच प्रश्न लहान प्रमाणावर आहे. तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ यांचे बोटुकले सोडले जाते. ते वाढण्यापूर्वीच बारीक जाळे फिरविले तर ठेका घेणाऱ्या संस्थेचेच नुकसान होते, हे तळ्यावर मासे धरणारे भोई बांधव चांगले जाणतात. तळ्याला मालक असतो, म्हणून तेथे वाट पाहिली जाते. समुद्राला तसा मालक नाही, म्हणून तेथे घाई होते.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, जाळे बदलण्याचा सुरुवातीचा भार शासनाने उचलावा. याला आपल्याच राज्यात आधार आहे. जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमासा यांसारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला डिसेंबर २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. एका जिवासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते हजारो पिल्लांसाठी का मान्य होऊ नये? दुसरी गोष्ट, तपासणी बंदरावर आणि कारखान्याच्या दारात व्हावी. दंड फक्त खलाशाला नव्हे, तर पिल्लांचा ढीग घेणाऱ्यालाही व्हावा. तिसरी गोष्ट, शेजारी राज्यांशी बोलून एकाच आसाचा नियम साऱ्या पश्चिम किनाऱ्याला लागू करावा. केंद्राच्या नव्या नियमांमुळे त्याला आता जागा झाली आहे. चौथी गोष्ट, मच्छीमार सहकारी संस्थांनी आपापल्या बंदराचा सामुदायिक निर्णय करावा. सर्व नौकांनी एकाच दिवशी जाळे बदलले, तर पहिल्याने तोटा सोसण्याचा प्रश्नच उरत नाही.

पाचवी गोष्ट आपणा सर्वांच्या हातची आहे. तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. सुक्या मासळीच्या ढिगात बोंबील, जवळा यांऐवजी मोठ्या जातींची पिल्लेच मिसळलेली दिसली, तर विकणाऱ्याला विचारावे आणि तो ढीग सोडून द्यावा. ‘हे गिऱ्हाईक घेत नाही’ हे वाक्य दलालापर्यंत आणि दलालाकडून तांडेलापर्यंत फार लवकर पोहोचते. अधिकाऱ्याची नौका जेथे पोहोचत नाही, तेथे ते पोहोचते.